कच्ची नोंद

सोलापुरातली वैशाखातली दुपार कशी असते हे ज्यांनी ती काढली आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी काढलेली नाही त्यांनी सुखात राहावं. अशाच एका दुपारी जुळे सोलापुरातल्या गुलबहार वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये झीनत कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसली होती. ती घरूनच प्रोग्रॅमिंगची कामं करायची, आणि हातातलं काम तसं किरकोळ होतं. वसाहतीत पाण्याचे खोटे फोन जात होते, ते बंद करायचे.

हे पाण्याचे फोन म्हणजे काय प्रकरण ते आधी सांगतो. वसाहतीची स्वतःची उंच टाकी होती आणि तिचं पाणी चार-पाच दिवसांआड सुटायचं, तेही दिवसभरात टाकीला वाटेल तेव्हा. बायकांचा निम्मा जन्म नळाकडे कान लावून जायला लागला, तेव्हा संघाच्या सेक्रेटरींनी, म्हणजे दिग्विजय यांनी, पुण्याच्या कुणाकडून तरी एक सोय करून घेतली. बिरप्पा हा वसाहतीचा चावीवाला. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह होता, त्यात लांब चावी घालून तो पाणी सोडायचा. सोडताना मोबाइलवर एक बटण दाबायचा. बटण दाबलं की खालच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर, डेटाबेसमध्ये, नोंद पडायची आणि घरोघरी फोन वाजायचे. उचलला की बाईचा आवाज यायचा, "पाणी आलंय बरं का. भांडी लावा."

तो आवाज झीनतच्या सासूचा, मुमताजचाचींचा. ही सोय व्हायच्या आधी पाणी आलं की जिन्यात उभं राहून सगळ्या बिल्डिंगला हाक मारायचं काम त्या आपणहून करायच्या. त्यामुळे आवाज भरून घ्यायची वेळ आली तेव्हा दुसरं नाव कुणी काढलंच नाही. चाची गेल्या हिवाळ्यात वारल्या. आवाज मात्र राहिला. कुणी बदला म्हटलं नाही आणि कुणी बदलला नाही.

"गेलेल्या बाईनं हाक मारायची आणि आपण बादल्या लावायच्या, मनाला बरं वाटत नाही की," असं समोरच्या दारातल्या नागम्माअक्का म्हणायच्या. फोन वाजला की सगळ्यांत पहिली बादली मात्र त्यांचीच लागायची.

घोटाळा होता तो बिरप्पाच्या सवयीत. तो बटण आधी दाबायचा आणि चावी नंतर फिरवायचा. त्याचंही खोटं नव्हतं. एकदा हात खड्ड्यात गेले की कोपरापर्यंत चिखल, आणि ओल्या बोटाला मोबाइल जुमानत नाही. मग झाकण उघडायचं, चावी फिरवायची, पाइपाला कान लावून पाण्याचा जोर बघायचा, हात पुसायचे, आणि जोर असला तर 'पक्कं' दाबायचं, नसला तर 'रद्द'. मधला सगळा वेळ नोंद कच्ची. ती आहे म्हणावं तर नाही, आणि नाही म्हणावं तर आहे.

पुण्याच्या त्या गृहस्थांनी ट्रिगर, म्हणजे नोंद पडली की आपोआप चालणारा प्रोग्रॅम, असा लिहिला होता की कच्ची नोंद पडल्या पडल्या तो स्वतःच फोन लावत सुटायचा. मग बिरप्पानं रद्द केलं की नोंद पुसली जायची, डेटाबेसच्या लेखी असं काही घडलंच नव्हतं. पण गेलेला फोन थोडाच परत बोलावता येतो? घरोघरी बायका भांडी लावून बसायच्या आणि नळ नुसता फुसफुसायचा.

झीनतनं ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ट्रिगरनं स्वतः राबायचं नसतं. त्यानं कामाची चिठ्ठी रांगेत टाकायची आणि मोकळं व्हायचं. चिठ्ठ्या उचलून फोन लावायला पाठीमागे वेगळा प्रोग्रॅम बसवायचा, वर्कर म्हणतात त्याला. चिठ्ठी नोंदीच्याच गाठोड्यात बांधलेली असते. गाठोडं पक्कं झालं तरच ती बाहेर वर्करला दिसते, रद्द झालं तर गाठोड्याबरोबर तीही जाते. कुणाला खोटा फोन नाही, कुणाला मनस्ताप नाही.

"नक्को करू," बिलाल म्हणाला.

बिलाल तिचा नवरा. टॉवेलचे गठ्ठे कारखान्यातून ट्रान्सपोर्टला पोचवणारा त्याचा टेम्पो होता, आणि त्या वेळी तो टेम्पोवर असायला हवा होता. तो कॉटवर भिंतीला टेकून बसला होता, मोबाइल मांडीवर.

"काय नको?"

"ते फोनचं. चालतंय तसं चालू दे की."

"लोक शिव्या देतात, बिलाल. दिग्विजयसरांनी मुद्दाम मला सांगितलंय."

कूलरच्या पंख्यानं त्याच्या कपाळावरचे केस उडत होते. झीनतला एकदम जाणवलं की हा माणूस गेले काही महिने असाच बसलेला असतो. पाणी सुटायच्या दिवसांना तर तो टेम्पोची किल्ली खुंटीवरून काढतच नाही. आई गेल्याचं दुःख, होईल हळूहळू कमी, असं ती स्वतःला समजावत आली होती. ते कमी होत नव्हतं. उलट त्याच्या चेहऱ्यावर एक तृप्त, झोपाळू शांतपणा आला होता आणि तिला त्या शांतपणाची भीती वाटत होती.

"रद्द होणारा फोन असतो ना," तो हळूच म्हणाला, "त्याच्यावर अम्मी पुढं बोलती."

"पुढं म्हणजे?"

"भांडी लावा म्हणल्यावर पुढं. माझ्याशी बोलती. आणि नळाला पाणी येतं… रद्द होईपर्यंत."

झीनत हसली नाही. तिला हसायचं होतं. पण स्वयंपाकघरात, फळीच्या कोपऱ्यात बिलालनं वेगळा ठेवलेला तांब्याचा लोटा तिला आठवला. पाणी नसलेल्या दिवसांतही तो भरलेला असायचा आणि एवढ्या उन्हाळ्यात त्याच्या अंगाला घाम सुटलेला असायचा. फिल्टरचं पाणी असेल म्हणून तिनं कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी तिनं काम पुढं ढकललं. आधी ऐकायचं ठरवलं.

पुढची पाळी अशीच भर दुपारी आली. सगळी वसाहत झोपेनं जड झालेली. लांबून कुठून तरी मागाची खटखट येत होती, तीही पेंगल्यासारखी. बिलालचा मोबाइल वाजला, त्यानं तो दोघांच्या मध्ये कॉटवर ठेवला आणि स्पीकर लावला.

"पाणी आलंय बरं का. भांडी लावा."

ही फाइल झीनतनं शंभरदा ऐकली होती. 'लावा'च्या पाठोपाठ बांगडी वाजते आणि आवाज तुटतो. बांगडी वाजली. आवाज तुटला नाही. कुणीतरी श्वास घेतला, जिना चढून आलेल्या बाईसारखा.

"बिलाल… खाना खाया क्या रे?"

"खाया, अम्मी."

"और वो? झीनत?"

आत स्वयंपाकघरात नळ सुरू झाला होता. फुसफुस नव्हती, पितळी हंड्याच्या बुडाशी पडणारी चांगली जाड धार होती. आणि त्या आवाजाबरोबर भाजलेल्या मिश्रीचा वास आला. चाची रोज सकाळी मिश्री लावायच्या, त्या वासावरून झीनतनं नवी सून असताना किती नाक मुरडलं होतं. आता तोच वास घरभर पसरला, आणि खरं सांगायचं तर भीतीच्या आधी तिला रडू आलं.

बिलाल उठून स्वयंपाकघराकडे निघाला होता. उंबऱ्यापाशी पोचला, तेवढ्यात फोन बंद झाला. नळही थांबला. गल्लीच्या तोंडाशी बिरप्पानं रद्द दाबलं असणार.

"बघितलंस?" तो वळून म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "दर वेळी जरा जास्त वेळ थांबती. आज मी उंबऱ्यापर्यंत गेलो."

झीनतला त्या रात्री झोप आली नाही. गेलेल्या माणसाच्या हाकेला ओ देऊ नये, असं नागम्माअक्का म्हणायच्या आणि ती त्यांना हसायची. आता हसायचं कुणाला? तिला बिलाल हवा होता. दिवसभर टेम्पो हाकून आलेला, घामट, जेवताना मोबाइल बघणारा, तिच्याशी भांडणारा बिलाल. उंबऱ्यापर्यंत गेलेला हा माणूस उद्या उंबरा ओलांडील, आणि पलीकडे काय आहे ते तिला माहीत नव्हतं. खोटा फोन बंद झाला की हाकही बंद होईल, एवढंच तिच्या हातात होतं.

सकाळी तिनं जुना ट्रिगर काढून टाकला. नवा लिहिला, चारच ओळींचा. रांग बांधली, पाठीमागे वर्कर बसवला. दोनदा तपासून पाहिलं. कच्च्या नोंदीला फोन जात नव्हता, पक्कीला जात होता, रद्द केलेल्या नोंदीबरोबर चिठ्ठीही नाहीशी होत होती. काम चोख झालं होतं. बिलालला तिनं सांगितलं तेव्हा त्यानं नुसती मान हलवली, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "ठीक आहे."

त्याचं ते 'ठीक आहे' तिला कुठं तरी टोचलं. पण त्या दिवशी तो टेम्पो घेऊन गेला, संध्याकाळी दमून आला, आमटीत मीठ कमी म्हणून कुरकुरला. झीनतला इतकं बरं वाटलं की तिनं उठून स्वतः मीठ वाढलं.

मग पाण्याचा दिवस आला. बिलाल घरीच थांबला. "गाडीचं काम आहे," म्हणाला, आणि गाडीकडे गेलाच नाही.

खिडकीतून झीनतला गल्लीचं तोंड दिसत होतं. बिरप्पा आला, डोक्याचा टॉवेल सोडून त्यानं घाम पुसला, खिशातून मोबाइल काढून बटण दाबलं, मोबाइल दगडावर ठेवला आणि झाकण उचलायला वाकला. लॅपटॉपवर दिसत होतं, नोंद उघडली आहे, अजून कच्ची. झीनतनं बिलालच्या मोबाइलकडे पाहिलं. तो वाजला नाही. नागम्माअक्कांचाही वाजला नाही. सगळी बिल्डिंग गप्प. तिनं सुटकेचा श्वास सोडला.

बिलाल उठला.

"कुठं?"

"अम्मी बुलारी."

"फोन नाही वाजला, बिलाल."

"फोन कशाला पाहिजे?" तो अगदी प्रेमानं म्हणाला. "चिठ्ठी दिसती की."

"कुठली चिठ्ठी?"

स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा बाजूला सारून तो आत गेला. पडदा परत जागेवर आला, आणि आत नळ सुरू झाला. मिश्रीचा वास. हंडा सरकवल्याचा आवाज. मग दोघांची कुजबुज, मधूनच चाचींचं ते बसक्या आवाजातलं हसणं आणि त्यात मिसळलेलं बिलालचं. लग्नानंतर इतकं मोकळं हसताना तिनं त्याला ऐकलं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, असू दे. बसू दे दोघांना बोलत.

आणि मग तिला कळलं आपण काय केलंय ते.

कच्च्या नोंदीतली चिठ्ठी बाहेरच्या कुणालाही दिसत नाही. वर्करला नाही, तिला नाही. गाठोड्याच्या आत जो आहे त्यालाच ती दिसते. जुन्या ट्रिगरची हाक बाहेर यायची, म्हणून बिलाल बाहेर राहून ती ऐकायचा. तिनं हाकेलाही गाठोड्यात बांधलं. आता हाक ऐकायची तर आत जावं लागत होतं, आणि तो गेला होता. गाठोडं रद्द झालं की आत जे जे आहे ते त्याच्याबरोबर जातं. हे तिनं स्वतःच दोनदा तपासलं होतं.

खिडकीबाहेर बिरप्पा पाइपाला कान लावून वाकला होता. ती नोंद त्याच्याच मोबाइलच्या ताब्यात होती, लॅपटॉपवरून ती पक्की करायची सोय नव्हती. तिनं त्याला फोन लावला, तो लगेच लागेना. तो उठला, हात पुसले, दगडावरचा मोबाइल उचलला, स्क्रीनवर बोट टेकवून बघत राहिला. मग रिंग वाजायला लागली. उचल ना… उचल.

"बोला, ताई."

"बिरप्पा, रद्द करू नका. पक्कं करा. काही विचारू नका, फक्त पक्कं दाबा."

"पानी न्हाय वो, ताई. नुसती हवा यायलीय. पक्कं कसं करू? लोकं मला खातील की."

"मी सांगते लोकांना. तुम्ही दाबा."

"ताई… तुमचा फोन यायच्या आदीच खोडलं की मी."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की घरात आता फक्त कूलर वाजतोय.

स्वयंपाकघर कोरडं होतं. हंडा पालथा, जसा सकाळी घासून ठेवला होता तसा. नळाला बोट लावलं तर तो तापलेला. खिडकीला गज, दुसरं दार नाही. बिलालच्या चपला बाहेरच्या दारापाशी होत्या, टेम्पोची किल्ली खुंटीवर.

शोधाशोध झाली. ज्याला त्याला विचारून झालं, पोलिसांत कळवून झालं, कुंभारीच्या त्याच्या मामांकडे, मैंदर्गीच्या दोस्ताकडे माणसं जाऊन आली. झीनतनं कुणालाच खरं सांगितलं नाही. सांगणार काय? नागम्माअक्का रोज ताट झाकून आणायच्या आणि समोर बसून खायला लावायच्या. "येईल की. बापई माणूस, डोकं फिरलं असेल," म्हणायच्या आणि पदरानं आपलेच डोळे पुसायच्या.

थोड्या दिवसांनी दिग्विजय आले. दारातच उभे राहिले. "झीनतताई, या वेळी तुम्हाला त्रास देऊ नये. पण फोन फार उशिरा जातायत. पाणी येऊन जातं आणि मग फोन वाजतो. सर्व्हर अडकल्यासारखा झालाय."

ती यंत्रासारखी उठून बसली आणि लॅपटॉप उघडला. कारण लगेच सापडलं. एक नोंद उघडी पडली होती, त्याच दुपारपासून. पक्की नाही, रद्दही नाही. रांग तिच्यामागे तुंबली होती.

बिरप्पा दोन मुलांची शपथ घेऊन सांगत होता की त्यानं रद्द दाबलं होतं, आणि ते खरं होतं. त्याची नोंद कधीच पुसली गेली होती. ही उघडलेली नोंद त्याच्या मोबाइलची नव्हती. कुणाची होती, ते लिहायच्या जागी काहीच नव्हतं. आत काय आहे ते बाहेरून कळायला मार्ग नव्हता. झीनत लॅपटॉपच्या स्क्रीनला हात लावून किती तरी वेळ बसली. तिच्या अंगात गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा ऊब आली. जोवर ही उघडी आहे तोवर काहीच घडून गेलेलं नाही. तो आत आहे.

"काय झालंय?" दिग्विजयनी विचारलं.

"कळलं नाही अजून. एक-दोन दिवस द्या."

ते एक-दोन दिवस तिनं कितीदा मागून घेतले. कधी म्हणाली तपासतेय, कधी म्हणाली सर्व्हरला हात लावू नका, सगळं पुसलं जाईल. ती नोंद पक्की कशी करायची याचा तिनं सगळीकडून शोध घेतला. एकच गोष्ट तिला करता येण्यासारखी होती, बाहेरून तोडून टाकणं, आणि तोडणं म्हणजे रद्द. खाली ऑफिसात सर्व्हर बंद करून चालू केला तरी तेच. ती रोज सकाळी उठून आधी लॅपटॉप उघडायची. नोंद उघडी दिसली की मग चूळ भरायची.

शेवटी दिग्विजयही माणूसच. एके दुपारी त्यांचा फोन आला. "ताई, मीटिंगमध्ये लोकांनी माझी सालटी काढली. तुमच्या घरात असं झालंय म्हणून गप्प बसलो इतके दिवस. आज मी येतो आणि सर्व्हर बंद करून परत चालू करतो. पुण्याच्या माणसानंही तेच सांगितलंय."

"सर, नका. पाया पडते तुमच्या. फक्त आजचा दिवस."

"ताई, यंत्र आहे ते," दिग्विजय समजुतीनं म्हणाले. "बंद करून चालू करायला असं काय होणार आहे?"

फोन ठेवून ती लॅपटॉपसमोर बसली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत मात्र हवेला एक ओलसर गारवा आला होता. लांबची मागाची खटखट मंदावत मंदावत थांबली. स्क्रीनवर ती एकुलती उघडी नोंद होती. तिच्याकडे बघता बघता झीनतच्या डोळ्यांवर झापड आली. तिनं डोळे चोळले आणि पुन्हा पाहिलं.

नोंदीखाली चिठ्ठी होती.

इतक्या दिवसांत नव्हती. बाहेरून ती दिसूच शकत नाही, आत असेल त्यालाच दिसते, हे तिला माहीत होतं. तरी ती दिसत होती, बाकीच्या ओळींसारखीच साधी, स्वच्छ. फोन लावायचा आहे एवढंच लिहिलं होतं, आणि पुढे नंबर. नंबर तिचा होता. तिचा फोन टेबलावर गप्प पडून होता.

स्वयंपाकघराच्या पडद्यापलीकडे नळाची धार सुरू झाली.

"झीनत," आतून बिलाल म्हणाला. "भांडी लाव ना."

ती उठणार तोच दारात नागम्माअक्का आल्या, कडेवर रिकामी घागर. "झीनत, पाणी आलं काय गं?" त्यांनी कॉटकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, टेबलाशी खुर्चीत बसलेल्या झीनतवरून त्यांची नजर भिंतीवरून फिरावी तशी फिरली. "दार उघडं टाकून कुठं गेली ही पोरगी?"

"अक्का, मी इथंच…" झीनत म्हणाली.

नागम्माअक्का जरा वेळ कान देऊन उभ्या राहिल्या. मग काळजीनं मान हलवत मागे सरल्या, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली. खाली ऑफिसचं शटर वर गेल्याचा आवाज आला, दिग्विजय आले होते. झीनतनं घाईघाईनं चाचींचा मोठा हंडा उचलला आणि पडदा सारून ती आत गेली.